आधारचा डमी शाफ्ट

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. धुळ्याच्या गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं की वना फिटरच्या हातात पाना असला की त्याला शहाणपण शिकवायला जायचं नाही. पण तापट माणसाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. भडकला की मोकळा झाला, पोटात काही ठेवत नाही, असं म्हणतात. झक मारतात. मी एक गोष्ट चार वर्षं पोटात ठेवली, आणि बाहेर काढली तीही नको त्या वेळी.

अठ्ठ्याऐंशी सालचा दसरा. मी आणि आधार गिरणीत एकाच खात्यात फिटर होतो, एकाच महिन्यात लागलेले. तो पांझरा नदीच्या अलीकडे राहायचा, मी पलीकडे देवपुरात. माझ्या घरी त्याचं येणं-जाणं, त्याच्या घरी माझं जेवण-खाण, सगळं होतं. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं ऐकून तुम्ही वेगळं काही समजाल. आणि समजलात तर तुमचं चुकलं असंही मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

आधारनं दोन वर्षांपूर्वी जळगावला लिलावात एक सरकारी जीप घेतली होती. जीप कसली, भंगार. पण ती त्यानं हौसेसाठी घेतली नव्हती. त्याची आई, झुंबरबाई, छप्पन साली नागपूरला दीक्षा घ्यायला गेली होती. नवरा बरोबर, आधार कडेवर. त्यानंतर मोलमजुरीत आणि पोरं वाढवण्यात तिला पुन्हा जाणं जमलं नाही. एकदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन यायचं, एवढं एकच तिचं मागणं होतं. आणि नेमकं जायची सवड झाली तेव्हा म्हातारी नळावर घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला बसायला त्रास व्हायचा. दसऱ्याच्या गर्दीत रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, तिथं तिला आडवं कोण होऊ देणार? म्हणून जीप. मागे गादी टाकायची, आईला झोपवून न्यायचं. डॉक्टरनं आधारला बाजूला घेऊन सांगितलं होतं की रक्तदाब फार वाढलेला आहे, काय फिरवायचं ते यंदाच फिरवून आणा.

ती जीप आम्ही दोघांनी रविवारी रविवारी खपून उभी केली. तिचा क्लच-गिअरबॉक्स आम्ही तीनदा उतरवला असेल. आता ज्यांना यातलं कळत नाही त्यांना सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लचप्लेट असते. गिअरबॉक्सचा दांडा त्या प्लेटच्या भोकातून जाऊन इंजिनाच्या चाकातल्या बुशात, म्हणजे छोट्या पितळी नळीत, बसतो. प्लेट बरोबर मधोमध असली तर गिअरबॉक्स एका धक्क्यात आत जातो. केसभर जरी सरकलेली असली तरी दोन माणसं गाडीखाली उताणी पडून मणभर वजन छातीवर घेऊन दिवसभर झोंबली तरी जात नाही. यावर उपाय म्हणजे डमी. दांड्यासारखाच हुबेहूब लोखंडी तुकडा. तो आधी प्लेटमधून घालायचा, प्लेट मधोमध धरून ठेवायची, बोल्ट आवळायचे, मग डमी काढून घ्यायचा. काम वीस मिनिटांचं.

तसा डमी विकत मिळायचा नाही, मिळाला तरी मापाचा नसायचा. आधारनं भंगारातून एक तुटका दांडा आणला आणि जेवणाच्या सुट्टीत आठ दिवस लेथवर बसून तो घासला. मी नुसता माप धरून उभा होतो. असा बसायचा तो डमी की बघत राहावं. हायवेवरचे गॅरेजवाले मागायला यायचे. आधार कुणाला नाही म्हणायचा नाही. भाद्रपदात पारोळ्याला माझ्या साडूच्या जीपचं काम निघालं म्हणून मी तो नेला होता. आल्यावर तेलाच्या फडक्यात गुंडाळून माझ्या खाटेखालच्या ट्रंकेत ठेवला. परत द्यायचा राहून गेला, त्यात वाईट हेतू काही नव्हता.

वाईट हेतू नंतर आला. दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी आमचे हेड फिटर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आधारला नेमलं. मस्टरवर मी त्याच्या चार दिवस आधीचा. पण त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मीच त्याच्या गळ्यात हार घातला. मग कँटीनमध्ये आमच्या खात्यातला छगन म्हणाला, आता काय, त्यांचंच राज्य. मी छगनचं तोंड बंद करू शकलो असतो, एरवी केलंही असतं. त्या दिवशी मी चहा पीत राहिलो. चहा संपला तरी रिकामा कप तोंडाला लावून बसलो होतो.

नवमीला सकाळी सातला आधार सायकलवर आला. आठवड्यापूर्वी जीप पारोळ्यापर्यंत फिरवून बघताना क्लच घसरायला लागला होता. नवी प्लेट जळगावहून यायची होती, ती आदल्या दिवशी संध्याकाळी आली. गिअरबॉक्स त्यानं आधीच उतरवून ठेवला होता. माझ्या खाटेवर बसून त्यानं सगळा हिशोब सांगितला. डमी दे, दुपारपर्यंत गाडी उभी करतो, चारला निघतो, पारोळा, जळगाव, अकोला करत रात्रभर हळूहळू चालवतो, सकाळी आई दीक्षाभूमीवर. आई पहाटेच आंघोळ करून बसली आहे, असं सांगून हसला. मी ट्रंक ओढायला वाकणारच होतो.

तेवढ्यात तो म्हणाला की तीन नंबरच्या मशीनचं बेअरिंग तू काल उलटं बसवलं होतंस, मी संध्याकाळी नीट करून घेतलं, वर काही कळवलं नाही, काळजी करू नको. चांगुलपणानं म्हणाला. मला सांभाळून घेतलं होतं त्यानं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात, माझ्या खाटेवर बसून हा मला माफ करतो आहे, असं वाटलं. बायको, प्रमिला, चहा देऊन दारात उभी होती, तिनंही ऐकलं होतं. मी सरळ उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं.

"डमी पूजामा मांडेल शे, आधार. आज खांडेनवमी. आते दसरा व्हवालोंग उचलता येत नही."

आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा करतात, मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवत नाहीत, हे खरं आहे. पण ते इतरांच्या घरी. मी गिरणीतल्या पूजेला हात जोडायचो तेवढंच. घरी कधी साधा पानासुद्धा पाटावर ठेवला नव्हता. डमी ट्रंकेत होता आणि ट्रंक आधारच्या पायाशी होती. त्यानं टाच मागे घेतली असती तर लागली असती.

आधारनं एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं, तो भांडेल. वस्तू माझी, मी घडवलेली, तू पूजेत मांडणारा कोण, असं विचारेल. विचारलं असतं तर मी चिडून, ओरडून, शेवटी तो काढून दिलाही असता, मी स्वतःला ओळखतो. पण तो उठला. अर्धा चहा तसाच ठेवला.

"ऱ्हाऊ दे मंग," एवढंच म्हणाला आणि सायकल वळवून गेला.

आता मी तुम्हाला खरं काय ते सांगतो. मला दुसरी कोणतीही थाप मारता आली असती. हरवला म्हणालो असतो, साडूकडे राहिला म्हणालो असतो. तशी थाप मारली असती तर आधारनं घर उलटंपालटं करून शोधला असता, नाहीतर सायकलवर पारोळ्याला गेला असता. ज्या थापेपुढे तो एक शब्द बोलणार नाही, मुकाट्यानं पायरी उतरून जाईल, नेमकी तीच थाप माझ्या तोंडी आली. देवाजवळ आहे म्हटलं की तो मागे सरकेल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी मला ते माहीत होतं. त्याच्या घरची भाकरी खाल्ली म्हणून मी स्वतःला फार सुधारलेला समजत होतो. ते माझ्यात कुठे बसलं होतं आणि कधीपासून, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. उत्तर काही फार शोधावं लागलं नाही.

प्रमिला कप उचलायला आली. आपल्याकडे कधीपासून हत्यारं मांडतात, असं तिनं हळूच विचारलं. मी तिच्यावर इतका ओरडलो की शेजारची बाई खिडकीत आली.

दहाला गिरणीत पूजा झाली. मी नारळ फोडला, पेढा खाल्ला, घरी आलो. जेवण गेलं नाही. आधार काय करत असेल ते मला न बघता दिसत होतं. डमी नाही म्हणून तो खराट्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळेल, नजरेनं प्लेट मधोमध धरेल, बोल्ट आवळेल, मग तो आणि त्याचा मेहुणा झुलाल खाली पडून गिअरबॉक्स ढकलतील. जाणार नाही. पुन्हा सोडतील, पुन्हा आवळतील. तीन वाजले तेव्हा मला घरात बसवेना. ट्रंक ओढली, डमी कापडी पिशवीत टाकला आणि सायकल काढली. काय सांगायचं ते वाटेत ठरवत होतो. पूजा लवकर उरकून घेतली, असं सांगणार होतो. म्हणजे तेव्हासुद्धा खरं सांगायचं मनात नव्हतं, हे लक्षात घ्या.

मी आधारच्या अंगणात शिरलो. झुलाल ओट्यावर डोकं धरून बसला होता. आधार गाडीखालून बाहेर येत होता, तोंडभर काळं ग्रीस. चार वाजत आले, आई तयार आहे, म्हणून त्यानं घाई केली होती. गिअरबॉक्स अर्धा इंच राहिला होता, तो त्यानं बोल्ट आवळून ओढून घेतला. असं करायचं नसतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? नव्या पोरांना तो पहिली हीच गोष्ट शिकवायचा. ओढताना गिअरबॉक्सच्या पुढच्या बिडाच्या भांड्याचा बोल्ट घालायचा कान तुटला. बीड ते, त्याला डाग देऊन त्या दिवशी उपयोग नव्हता. दुसरं भांडं जळगावच्या भंगारात मिळालं तर मिळालं, आणि दसऱ्याला सगळी दुकानं बंद.

झुंबरबाई जीपमध्येच होती. मागच्या गादीवर, उशीला टेकून, पांढरंशुभ्र लुगडं नेसून, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. गाडी चालू झाल्यावर पुन्हा उचलून बसवायला नको, म्हणून तिला दुपारी एकपासूनच आत बसवलं होतं. कान तुटल्याचा आवाज तिच्या गादीखालीच झाला असणार. मी पिशवी पाठीमागे धरली. तिनं मला पाहिलं आणि तीच आधी बोलली.

"वनाभाऊ, व्हयनी का तुमनी पूजा?"

मी मान हलवली.

"मी आधारले सांगं, ज्यानी त्यानी रीत ऱ्हास. रुसानं नही. पुढला साल जासूत आम्ही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पिशवीतलं लोखंड दोन शेरांचं असेल, पण हात खांद्यातून दुखायला लागला. अक्का, पूजा नव्हतीच, हे तीन शब्द होते. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर आधारनं मला तिथंच आडवा केला असता आणि ते बरं झालं असतं. मी त्या दोघांबरोबर तिला गादीसकट उचलून घरात नेऊ लागलो. तिनं माझ्या खांद्यावर हात टाकला होता आणि मलाच म्हणत होती, हळू, भाऊ, तुमची कंबर.

घरी आलो तर प्रमिलानं पाट मांडलेला. त्यावर माझे पाने, हातोडी, पक्कड, सगळं ओळीनं, हळद-कुंकू वाहिलेलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, तोही ठेवा. मी पिशवीतून डमी काढून पाटावर ठेवला. अशी ती थाप संध्याकाळी सहाला खरी झाली. एकादशीला मी तो आधारला नेऊन दिला. त्यावर हळद-कुंकू तसंच होतं. आधारनं ते पुसलं नाही, डमी तसाच जपून कापडात गुंडाळला. मला वाटलं, पुसेल तर बरं.

पुढला साल आलाच नाही. म्हणजे दसरा आला, जीपही तोवर उभी राहिली होती, पण संक्रांतीच्या सुमारास झुंबरबाईला अर्धांग झालं. डावी बाजू गेली, ती पुन्हा खाटेवरून उठली नाही. आणि नवमीच्या आदल्या दिवशी तिचा नातू माझ्या दारात झेंडूच्या फुलांची टोपली घेऊन उभा. आजीनं दिली आहेत, म्हणाला. वनाभाऊना हत्यारसले. तिच्या खाटेजवळच्या खिडकीखाली तिनं सुनेकडून झेंडू लावून घेतला होता, माझ्या पूजेला लागतात म्हणून. तिच्या घरात कोणत्या देवाला फुलं वाहत नसत, बुद्धापुढे ठेवत तेवढीच, आणि माझ्या हातोडीसाठी तिनं वाफा केला होता. त्या साली मी खरी पूजा केली. तिसऱ्या साली टोपली आली, चौथ्या साली आली. शेजारीपाजारी म्हणायला लागले, वना हत्यारांचं फार करतो. आधार गिरणीत नव्या पोरांना सांगायचा की वनाकडून काही मागायचं असेल तर अष्टमीपर्यंत मागून घ्या, नवमीला तो देत नाही, त्याच्या घरची रीत आहे. थट्टा नाही, मानानं सांगायचा. मी तिथंच उभा असायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज जाऊन तिला सांगावं. चार वेळा तिच्या दारापर्यंत गेलोही. ती उजव्या हातानं खुर्ची दाखवायची, तब्येत विचारायची, आणि मी हवापाण्याचं बोलून परत यायचो.

ब्याण्णवच्या श्रावणात झुंबरबाई गेली.

त्या वर्षी फुलं येणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर जीव हलका झाला होता. पण अष्टमीला संध्याकाळी आधार स्वतः आला, टोपली घेऊन. आईनं जायच्या आधी लावलेली आहेत, म्हणाला, वाया कशाला घालवायची. त्याच खाटेवर बसला. प्रमिला चहा ठेवायला आत गेली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी सगळं सांगितलं. बेअरिंग, छगन, कँटीन, थाप, पिशवी, सगळं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

तो ऐकत होता. संपल्यावर त्यानं विचारलं की डमी तेव्हा नक्की कुठं होता. मी म्हणालो, तू बसला आहेस त्याच्या खाली. तो उठून उभा राहिला.

आधार माझ्याशी वीस वर्षं अहिराणीतच बोलत आला होता. त्या संध्याकाळी तो साहेब लोकांशी बोलतो तशा मराठीत बोलला.

"मी त्या दिवशी परत यायला निघालो होतो, वना. हिसकावून आणणार होतो. आईनं हात धरला. म्हणाली, दुसऱ्याच्या देवाजवळची वस्तू आहे, माझ्यासाठी हात लावू नको. मला चालेल नाही गेले तर."

मी म्हणालो, माझं चुकलं, आधार. मी त्याचे पायही धरले असते.

"तिला सांगायचं होतंस. चार वर्षं खाटेवर होती, कुठं जाणार होती ती? तिनं सोडून दिलं असतं. हसली असती. मला नाही येत तसं."

चहा घेऊन प्रमिला दारात आली आणि तिथंच थांबली. आधार चपला घालत होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी मूर्खासारखं विचारलं की या फुलांचं काय करू.

"वाहा," तो म्हणाला. "तिनं तुझ्या देवासाठी लावली आहेत. माझ्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाट मांडला, हत्यारं ठेवली, एकेक फूल वाहिलं. टोपलीत दोनशेच्या वर फुलं होती. वाहून संपेपर्यंत दुपार झाली. प्रमिलानं दोनदा जेवायला बोलावलं, मी गेलो नाही.